अब्बांचा अँप्लिफायर ऐकू लागला

काचबिंदूने नजर एकदम जात नाही, ती कडेकडेने जाते. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत असतो, पण बाजूला ठेवलेलं स्टूल दिसत नाही. आमच्या अब्बांचं असंच झालं. आधी सायकल सुटली, मग एकट्याने बाजारात जाणं सुटलं, मग वर्तमानपत्र. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाने हे सगळं फारशी कुरकुर न करता सोडलं. पण कॅसेटी सुटल्या तेव्हा ते खचले. कपाटात अडीचशेच्या वर कॅसेटी, प्रत्येकीच्या पाठीवर त्यांच्याच वळणदार अक्षरात नावं, आणि त्यातलं एकही त्यांना वाचता येईना. अम्मी म्हणायच्या, "सांगा ना, कुठली लावू?" तर म्हणायचे, "राहू दे, काही विशेष नाही." गाणं ऐकण्यासाठी प्रत्येक वेळी कुणाला तरी कामातून उठवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. महिना-दोन महिन्यांत घरातलं गाणं बंद पडलं. कुणी बंद केलं असं नाही, ते आपोआप पडलं.

आम्ही मिरजेचे. आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी इथेच घर केलं, १९३७ साली ते गेले तेव्हा ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन केलं, आणि आजही दरवर्षी तिथे गवई येऊन हजेरी लावतात. अब्बा लहानपणी त्या गर्दीत रात्र-रात्र बसलेले. पुढे नोकरी लागल्यावर पगाराच्या फरकाची रक्कम हाती आली, तेव्हा अम्मीसाठी शिलाई मशीन आणि स्वतःसाठी एक अँप्लिफायर, दोन मोठे लाकडी स्पीकर आणि कॅसेट डेक, एवढी खरेदी त्यांनी केली. आमच्या भावंडांपैकी धाकट्याच्या जन्माच्या आधीपासून तो अँप्लिफायर बैठकीत आहे.

आम्हाला पहिल्यांदा सुचलं ते सगळ्यांना सुचतं तेच: बोलून चालणारा एक नवा स्पीकर आणून द्यावा. दुकानात अब्बांना घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "तंबोरा डब्यात बसून वाजवल्यासारखा वाटतो." खरंच होतं ते. मुठीएवढ्या स्पीकरमधून बोलणं स्पष्ट येतं, पण खर्जाला जागाच नसते. अब्बांना नवा आवाज नको होता. त्यांना आपलाच जुना आवाज हवा होता, फक्त कुणाला न उठवता.

मग आम्ही उलट बाजूने विचार केला. अँप्लिफायरने स्वतः हुशार व्हायची गरज नाही. त्याचं काम आलेला आवाज मोठा करणं, ते तो अजून चोख करतो. ऐकणारी डबी वेगळी असू दे, तिचा आवाज तेवढा तारेने अँप्लिफायरला द्यावा. एवढं समजलं की बाकी सगळं तारा जोडण्याचं काम आहे. ज्यांच्या घरी असा जुना सेट धूळ खात पडला असेल, त्यांच्यासाठी ते जरा तपशिलात सांगतो.

बोलकी डबी घेताना तिची मागची बाजू पाहा. हेडफोनची पिन बसते तसं भोक हवं. सगळ्यांना ते नसतं. उदाहरणार्थ, एको डॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या पिढीत ते आहे, २०२२ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीत काढून टाकलं. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना अशी तार कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. ती अँप्लिफायरच्या मागे 'ऑक्स', 'ट्यूनर' किंवा 'टेप' लिहिलेल्या जागी जोडायची. 'फोनो' लिहिलेल्या जागी मात्र नाही. ती जागा रेकॉर्ड प्लेयरच्या सुईसाठी असते. सुईचा आवाज अतिशय बारीक, म्हणून तिथे तो कित्येक पट वाढवला जातो. नव्या यंत्राची तार तिथे लावली तर आवाज फाटतो. काही जुन्या सेटना लाल-पांढऱ्या जागांऐवजी पाच पिनांचं एक गोल सॉकेट असतं, त्याला डिन म्हणतात. त्यासाठी वेगळा जोड मिळतो, सेट टाकून द्यायची गरज नाही.

आमचा अँप्लिफायर बरेच दिवस बंद होता. सुरू केला तर गाण्याच्या मागे एकसारखी गुरगुर आणि आवाजाचं बटण फिरवताना खरखर. गावातले रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा अजून दुकान उघडतात, आता बहुतेक मोबाईलचे चार्जरच येतात त्यांच्याकडे. त्यांनी सेट उघडला, वाळलेले कपॅसिटर बदलले, बटणात क्लीनरचा फवारा मारून ते पंचवीस-तीस वेळा फिरवलं आणि म्हणाले, "मास्तरांना सांगा, अजून वीस वर्षं चालेल." हे काम घरी करू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

आता प्रश्न उरला तो चालू-बंद करण्याचा आणि आवाज कमी-जास्त करण्याचा. अँप्लिफायरचं स्वतःचं बटण कायम चालू ठेवलं आणि त्याला वीज दिली स्मार्ट प्लगमधून, म्हणजे तोही बोलून चालू-बंद होतो. जुन्या सेटला दाबून बसणारं यांत्रिक बटण असतं म्हणून हे जमतं. आवाजाचं बटण एका जागी ठरवून तिथे वहिनींनी नेलपॉलिशचा ठिपका दिला. ते तिथून हलवायचं नाही. कमी-जास्त काय ते डबीला सांगायचं.

बैठक झाली, मग अम्मी म्हणाल्या, "आणि आम्ही काय भिंतीला कान लावायचा?" स्वयंपाकघरात त्यांचा जुना टू-इन-वन आहे. त्याला बाहेरून तार जोडायची जागाच नाही. त्यावर उपाय सापडला तो गमतीचा. कॅसेटच्याच आकाराचा एक अडॅप्टर मिळतो, त्यातून एक तार बाहेर लोंबते. तो कॅसेटसारखा आत घालून प्ले दाबायचं. अडॅप्टरमधलं छोटं हेड टू-इन-वनच्या हेडला समोरासमोर आवाज देतं. त्याला तिथली दुसरी डबी जोडली. अब्बांच्या खोलीत तिसरी डबी, तिला वेगळा स्पीकर नाही, कारण तिथे रात्री हळू ऐकायचं असतं. मग फोनमधल्या अ‍ॅपमध्ये तिन्ही खोल्यांचा एक गट केला. आता एकच गाणं तिन्ही ठिकाणी एकाच वेळी चालतं, एका खोलीतून दुसरीत जाताना सूर तुटत नाही. दोन गोष्टी त्यासाठी लागतात. तिन्ही डब्या एकाच वायफायवर हव्यात, आणि जोडणी तारेचीच हवी. ब्लूटूथने जोडलं तर आवाज किंचित मागे पडतो आणि दोन खोल्यांत प्रतिध्वनी आल्यासारखं वाटतं. आमच्या घराच्या भिंती जुन्या, दीड हात जाड. वायफायचा डबा माळ्यावरून काढून मधल्या दारावर बसवला तेव्हा कुठे स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलं.

तारा जोडायला दोन रविवार पुरले. घराचे नियम ठरायला मात्र जास्त वेळ लागला, आणि ते तारांइतकेच महत्त्वाचे आहेत असं आम्हाला वाटतं. संगीताबद्दल प्रत्येक घराचं मत वेगळं असतं. आमच्या मामूंच्या घरी फक्त तिलावत आणि नात ऐकतात, त्यांनाही हीच जोडणी करून दिली. पण अम्मींनी आमच्या घरी एक नियम घातला: तिलावत पूर्ण घरात लावायची नाही. जिथे कुणी बसून ऐकणार असेल तिथेच लावायची. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये ती मागे वाजत राहू नये. एकदा फुकटच्या सेवेवर तिलावतीच्या मध्येच साबणाची जाहिरात आली, तेव्हापासून महिन्याला पैसे भरून जाहिराती बंद केल्या.

दुसरा नियम कानांचा. ही डबी आपलं नाव ऐकू येण्यासाठी कायम कान देऊन बसलेली असते. घरातली बोलणी घरात राहावीत असं वाटणं साहजिक आहे. तिच्यावर माइक बंद करायचं बटण असतं. पाहुणे आले, बायका गप्पांना बसल्या, की बैठकीतला माइक बंद. अ‍ॅपमध्ये साठलेल्या आवाजाच्या नोंदीही पुसता येतात. बोलून वस्तू मागवायची सोय आम्ही पहिल्याच दिवशी बंद केली.

तिसरा नियम अब्बांनी घातला. आमची पोरं डबीवर ओरडायची, "ए, बंद कर!" अब्बांनी त्यांना जवळ बसवलं. "तिला वाईट वाटणार नाही, मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण जीभ तुझी आहे. तिला सवय लागते." ते स्वतः डबीशी "जरा बजाइए" असं बोलतात.

हो, हिंदीत. आमच्या डबीला हिंदी आणि इंग्रजी येते, मराठी येत नाही. अब्बांना हे लागलं. आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट सोसली आहे: नाव ऐकलं की समोरचा माणूस हिंदीत बोलू लागतो आणि अब्बा हसून मराठीत उत्तर देतात. "आता घरातली वस्तूसुद्धा तेच करणार?" ते म्हणाले. आठवडाभर ते हट्टाने तिच्याशी मराठी बोलले. ती दर वेळी माफी मागत राहिली. शेवटी गाण्यासाठी त्यांनी माघार घेतली. पण गाणं संपलं की ते तिला मराठीत "आभारी आहे" म्हणतात. तेवढं तरी तिने शिकावं, असं त्यांचं म्हणणं.

एक काळजी आम्हाला होतीच. कॅसेटसाठी माणसांवर अवलंबून राहणं गेलं आणि त्याजागी इंटरनेटवर अवलंबून राहणं आलं, असं होऊ नये. शिवाय दर्ग्यातल्या मैफलींची त्यांनी स्वतः केलेली रेकॉर्डिंग बाजारात कुठेच नाहीत, ती डबीला कुठून मिळणार? म्हणून कॅसेट डेक काढला नाही. प्लेच्या बटणावर तांदळाचा एक दाणा चिकटवला, स्टॉपवर दोन. आवडत्या वीस कॅसेटींना रबर बँड घातले, एक बँड ख्यालाला, दोन ठुमरीला, तीन नाट्यसंगीताला. वायफाय गेलं तर अब्बा अंधारातही बोटांनी चाचपून कॅसेट लावतात. त्यांचं म्हणणं, हाच भाग सगळ्यांत हुशार आहे.

आता पहाटे फजरनंतर बैठकीतून तंबोरा ऐकू येतो. कुणाला उठवलेलं नसतं, कुणाला विचारलेलं नसतं. दुपारी मात्र वाद होतो. अब्बा पूर्ण घरात दीड तासाचा ख्याल लावतात आणि अम्मींना त्या वेळी सांगली आकाशवाणी ऐकायची असते. त्यांना डबीशी बोलायची गरज पडत नाही. त्या टू-इन-वनवरचं बटण टेपवरून रेडिओवर सरकवतात आणि भाकरी थापायला बसतात.