मेताउरोची माती

उर्बीनोच्या डोंगरावरून बस उतरायला लागली तेव्हा शेजारी बसलेल्या आजीबाईंनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ई मोर्ती?" मोर्ती म्हणजे मेलेले. परका माणूस उर्बानियाला निघालाय म्हणजे मेलेल्यांनाच भेटायला, असा त्यांचा हिशेब. मी निघालो होतो बशा बघायला. तेवढं इटालियन येत नव्हतं, म्हणून नुसती मान हलवली.

मध्य इटलीतल्या मार्के प्रांतातलं हे गाव, वस्ती सात हजारांच्या आसपास. मेताउरो नदीने त्याला तीन बाजूंनी कवेत घेतलंय. पुलावर उभं राहिलं की समोर नदीतून उगवल्यासारखा ड्यूकचा विटांचा वाडा, त्याचे गोल बुरूज आणि खाली हिरवट, फारशी घाई नसलेलं पाणी. इ.स.पू. 207 मध्ये याच नदीच्या खोऱ्यात रोमनांनी हॅनिबलचा भाऊ हास्द्रुबल याचा पाडाव केला. नदीकडे बघून तसं अजिबात वाटत नाही.

गाव नावाच्या बाबतीत दुर्दैवी. मूळ वस्ती 1277 मध्ये उद्ध्वस्त झाली. 1284 मध्ये गुलिएल्मो दुरांते नावाच्या फ्रेंच धर्माधिकाऱ्याने ती पुन्हा वसवली, म्हणून कास्तेल दुरांते. पुढे उर्बीनोचा शेवटचा ड्यूक फ्रांचेस्को मारिया देल्ला रोव्हेरे 1631 मध्ये इथेच वारला. मागे पुरुष वारस नव्हता, त्यामुळे राज्य पोपकडे गेलं. 1636 मध्ये पोप आठवा उर्बान याच्या नावावरून गावाचं उर्बानिया झालं. सत्ता बदलली की पाट्या बदलतात, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण बशांच्या जाणकारांसाठी ते अजून कास्तेल दुरांतेच आहे. सोळाव्या शतकात इथल्या भट्ट्यांमधून निघालेली मायोलिका, म्हणजे कथिलाच्या पांढऱ्या लुकणावर रंगवलेली भांडी, सगळ्या इटलीत नावाजलेली होती. आणि ती ज्या मातीची, ती नदीनेच आणून दिलेली. याच गावचा चिप्रियानो पिकोलपास्सो याने 1557 च्या सुमारास कुंभारकामावर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात मेताउरोच्या पात्रात खड्डे खणून ठेवायची रीत चित्रासकट दिली आहे. पूर येतो, खड्डे गाळाने भरतात, पाणी ओसरतं आणि उन्हाळ्यात कुंभार जाऊन तो मऊ गाळ उचलून आणतात. नदीलाच मजूर म्हणून राबवायचं! भट्टी पेटवण्याआधी देवाचं नाव घ्या, आणि चंद्राकडेही लक्ष ठेवा, कारण कृष्णपक्षात चंद्रासारखंच आगीचंही तेज कमी होतं, असंही त्याने लिहून ठेवलंय. हे वाचताना मला तो मार्केचा राहिलाच नाही. आपल्याच गावचा, पंचांग बघून आवा लावणारा कुणीतरी वाटला.

कमानींखालच्या एका छोट्या कारखान्यात एक बाई बशी रंगवत होत्या. भाजून घेतलेली बशी लुकणाच्या पातळ घोळात बुडवून सुकवलेली, खडूसारखी पांढरी आणि भुरभुरीत. त्यांनी कुंचला टेकवला आणि रंग टीपकागदावर शाई शोषली जावी तसा क्षणात आत गेला. खोडायची सोय नाही. हात थबकला तर थबकल्याची खूण कायमची. ज्याला त्या निळा म्हणत होत्या तो दिसत होता मळकट राखाडी; कोबाल्टचा निळा भट्टीतून बाहेर आल्यावरच दिसतो. म्हणजे रंगवणाऱ्याने समोर दिसतंय त्यावर विसंबायचं नाही, पुढे काय दिसेल ते डोक्यात धरून हात चालवायचा. मी विचारलं, "माती नदीचीच का?" त्या हसल्या आणि कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांकडे बोट दाखवलं. माती आता विकत येते.

इथलं उत्तम ते इथे फारसं राहिलं नाही. 12 सप्टेंबर 1508 अशी तारीख आणि जोव्हान्नी मारिया या कुंभाराची सही असलेला, पोप दुसरा ज्युलियस याच्या राजचिन्हाचा वाडगा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. पिकोलपास्सोचं हस्तलिखित लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात. ड्यूकने इथे जमवलेला ग्रंथसंग्रह सतराव्या शतकात रोमला नेला गेला.

नशिबाने वाड्यात मर्केटरचे दोन गोल राहिले आहेत, 1541 चा पृथ्वीचा आणि 1551 चा आकाशाचा. पृथ्वीच्या गोलाचा व्यास जेमतेम हातभर, कागद पिवळा पडून तपकिरी झालेला. सवयीने मी वाकून अरबी समुद्राचा किनारा शोधायला लागलो. हा गोल तयार झाला तेव्हा गोवा पोर्तुगीजांच्या हाती जाऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि मलबारची मिरी जहाजांतून लिस्बनला उतरत होती. तासाभरापूर्वीच मी ‘क्रोस्तोलो’ खाल्ला होता. अंड्यात भिजवलेल्या कणकेला डुकराची चरबी लावून घड्या घालून तव्यावर भाजलेली ही इथली पोळी. दिसायला आपल्या पदर सुटलेल्या पराठ्याची बहीण, आणि खाताना दाताखाली काळी मिरी.

संध्याकाळी आजीबाईंचा शब्द राखला. ‘मृतांचं चर्च’ एवढंसं. वेदीच्या मागे काचेच्या कपाटांत अठरा माणसं अर्धगोलात उभी आहेत. 1567 पासून इथे ‘चांगलं मरण’ या नावाची एक मंडळी होती. मरणाऱ्याच्या उशाशी बसायचं, गरिबाला फुकट मूठमाती द्यायची, हे तिचं काम. नेपोलियनच्या काळात वस्तीतली दफनं बंद होऊन कबरी उकरल्या, तेव्हा काही देह कुजलेच नव्हते. एका बुरशीने त्यांच्यातला ओलावा शोषून घेतला होता. 1833 मध्ये त्यांना असं मांडून ठेवलं. मध्यभागी मंडळीचा झगा घातलेला व्हिन्चेन्झो पिच्चिनी, तिचा प्रमुख. पेशाने औषधी करणारा हा माणूस त्या देहांचं कोडं सोडवू पाहत होता, आणि शेवटी स्वतःच त्यांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

वाटाड्या बाई हातातली काठी एकेका काचेला टेकवत सांगत होत्या: ही बाळंतपणात गेली, याला नाचाच्या बैठकीत भोसकलं, हा बहुतेक जिवंतच पुरला गेला. सुरात ना हळहळ, ना भीती. बोहारीण एकेक साडी उलगडून ठेवते तसं. आपल्याकडे माणूस गेला की आपण ‘मातीला’ जाऊन येतो. मग जळो वा पुरो, शब्द मातीचाच. इथे या अठरा जणांना मातीनेच घेतलं नव्हतं.

"तुमच्याकडे काय करतात?" बाईंनी विचारलं.

"जाळतो. राख नदीत सोडतो."

त्या काठीवर भार देऊन थोडा वेळ विचार करत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे दाखवायला काहीच नसणार."

त्यांच्या आवाजात खरोखर सहानुभूती होती.

बाहेर पडताना त्या अठरांविषयी मी काही विचारणार, तर त्यांनीच दुसरा एक दिवस सांगितला. 23 जानेवारी 1944. रविवार होता, दुपारची प्रार्थना आटोपून माणसं चर्चबाहेर पडत होती, आणि अमेरिकन विमानांनी गावावर बाँब टाकले. सुमारे अडीचशे माणसं गेली. त्यांच्याबद्दल बोलताना बाईंनी काठी भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि आवाज इतका खाली आला की मला दोनदा विचारावं लागलं.

परतताना मी पुलाखाली उतरून मेताउरोच्या काठचा थोडा गाळ चिमटीत घेतला. लोण्यासारखा मऊ होता. बसमध्ये बसेपर्यंत तो बोटांवर सुकून पांढुरका झाला आणि झटकल्यावर निघून गेला. नखांत तेवढा राहिला.

त्या कारखान्यातून घेतलेली एक निळी-पिवळी वाटी आता पुण्यात आमच्या ओट्यावर असते. आई तिच्यात मीठ ठेवते. येणारंजाणारं कुणी विचारलं की अभिमानाने सांगते, "इटलीतल्या नदीच्या मातीची आहे." मी पिशव्यांबद्दल अजून काही बोललेलो नाही.