रबरी चाकांवरचे घर

युरोपातील कॅम्पसाइटवर गाडीतच मुक्काम करताना खांबावरची वीज आम्हांस मोठी सोय वाटते. परंतु रबरी चाकांमुळे गाडीचा पत्रा जमिनीपासून अलग असतो. उघडी तार त्यास लागली आणि अर्थिंग नसले, तर ओल्या गवतावरून दाराला हात लावणारा माणूसच विजेची वाट होतो. म्हणून आम्ही पत्रा अर्थिंगला जोडला, ३० मिलिअँपिअर गळतीवर प्रवाह तोडणारा आरसीडी बसवला. केबल गुंडाळीवरून पूर्ण उलगडतो, एरवी ती तापते. निळा तीन पिनांचा प्लग आधी गाडीला, मग खांबाला. काढताना आधी खांबाचा. आरसीडीचे चाचणीचे बटण दाबून पाहिल्यावाचून चहाचे आधण नाही. सोबती कुरकुरतात, पण आत निजणाऱ्यांच्या जिवाची जोखीम आमच्यावर असते.