पेढे आधी, निकाल मागाहून

आमच्याकडे आधी निकाल, मग प्रवेश; आणि पेढे दोन्ही वेळा. अमेरिकेत क्रम उलटा. न्यू जर्सीला लेकीकडे होतो, तेव्हा नातवाला मार्चमध्येच विद्यापीठाचा होकार आला. शाळा संपायची होती जूनमध्ये! पेढे वाटले गेले नि पुस्तके मिटली. तिकडे या दुखण्याला ‘सीनिअरायटिस’ असे भारदस्त नाव आहे. मीही लेकीला हसून म्हणालो, “असू दे गं, पोर दमलंय.”

जूनअखेर शाळेने अंतिम गुणपत्रक विद्यापीठाला धाडले. गणितातल्या ‘ए’चा ‘डी’ झाला होता. होकारपत्रात अट होतीच : गुण फार घसरल्यास प्रवेश रद्द होऊ शकेल. जुलैत खुलासा मागणारे पत्र आले.

रात्री नातू माझ्यापाशी येऊन बसला.

“आजोबा, आजारी होतो असं लिहू?”

“होतास का?”

“नाही.”

“मग नको.”

त्याने खरे तेच लिहिले : आळस केला. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोलले नाही. अखेर प्रवेश टिकला. या खेपेस पेढे आणायचे मात्र कुणालाच सुचले नाही. खरे तर ते तेव्हाच वाटायला हवे होते.