‘तसाच दुसरा’ शोधू नका हो!

अहो, हातातलं काम ठेवा बाजूला! एक गोष्ट सापडलीय आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही! आधीच सांगतो, कबड्डीतलं मला काडीचं कळत नाही. शाळेत मी फक्त फळ्यावर गुण लिहायचो, तेही शेजाऱ्याला विचारून!

तर झालं असं. आमच्या जवळा बाजारच्या पोरांचा हुकमी चढाईपटू नोकरीला पुण्याला गेला. आता कट्ट्यावर रोज एकच घोळ. कुणी म्हणतं, ‘तसाच दुसरा बघा!’ कुणी म्हणतं, ‘वसमतहून आणा!’ कुणी म्हणतं, ‘वर्गणी काढा अन् बाहेरचा घ्या!’ आणि मग मी मोबाइलवर प्रो कबड्डीचे जुने सामने लावले आणि मग झोप उडाली आणि मग बायको ओरडली आणि मग तीसुद्धा शेजारी बसून बघायला लागली!

पटना पायरेट्स बघा! 2017 च्या मोसमात प्रदीप नरवालने एकट्याने चढाईचे 369 गुण आणले. तीनशे एकोणसत्तर! पटना सलग तिसऱ्यांदा विजेते! पुढचे दोन मोसम प्रदीप होताच, गुणही खोऱ्याने ओढत होता आणि तरी पटना बाद फेरीत नाही! मग 2021 च्या लिलावात यूपी योद्धाने त्याला 1 कोटी 65 लाखांना नेला. आपण काय म्हणणार? संपलं पटना! तर पटना थेट अंतिम सामन्यात! दिल्लीकडून 37-36 असे हरले. एका गुणाने! प्रदीपशिवाय!

थांबा, उठू नका, अजून आहे! आपला चंदगडकडचा सिद्धार्थ देसाई. 2018 मध्ये यू मुंबाने 36 लाख 40 हजारांना घेतला आणि पठ्ठ्याने पहिल्याच मोसमात दोनशेवर गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने 1 कोटी 45 लाख मोजले. तिथंही त्याने गुणांचा ढीग घातला, पण टायटन्स बाद फेरीतही नाहीत! म्हणजे तयार नग आणूनही भागत नाही की हो! आणि चांगला गडी आधी ओळखताही येत नाही! अमेरिकेतही हेच रडगाणं. तिकडच्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे सगळा डाव ज्याच्या हातून सुटतो तो गडी. त्यातला टॉम ब्रॅडी 2000 सालच्या निवडीत 199 वा! आधीची 198 नावं घेताना कुणाला तो दिसलाच नाही आणि पुढं सात वेळा विजेता!

पण मला खरं येड लावलं ते पुणेरी पलटणने. 1 मार्च 2024, हैदराबाद, अंतिम सामना, हरियाणा स्टीलर्सवर 28-25 ने विजय. मी त्या मोसमाची चढाईपटूंची यादी काढली, तर पहिल्या पाचांत पलटणचा एकही गडी नाही! एकही! अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी ओझं वाटून घेतलेलं. एक बाद झाला की दुसरा तयार! अंतिम सामन्यात पंकजने एका चढाईत चार गुण उचलले. कप्तान अस्लम, तो आपल्या नगर जिल्ह्यातला. आणि त्या मोसमाच्या लिलावात पलटणने 2 कोटी 35 लाख कुणावर लावले? मोहम्मदरेझा शादलुईवर! तो तर डावा कोपरा सांभाळणारा! पैसा पकडीवर आणि चढाईला आपली वाढवलेली पोरं! मी उठून टाळ्या वाजवल्या, रात्री, पांघरुणासकट!

आणि मग परवा संध्याकाळी आमच्या मैदानाच्या कडेला जाऊन उभा राहिलो आणि ठरवलं, आज फक्त तिसरी चढाई बघायची. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण आणायचाच, नाहीतर आपणच बाद. तिथं भल्याभल्यांचे पाय जड होतात! आणि एक किडकिडं पोरगं आत गेलं. घाई नाही! बाकीचे समोरच्याच्या तोंडाकडे बघतात, हे कोपऱ्यातल्या जोडीच्या मनगटांकडे बघत होतं! सगळा भार मागच्या पायावर. दोघांचे हात क्षणभर सुटले, तसा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, दुसरा हवेत, मातीचा एवढासा फुफाटा, आणि पोरगं परत मध्यरेषेवर! दम सुटला नाही! मी ओरडलो, तर सगळे माझ्याकडेच बघायला लागले!

ते पोरगं पूर्वीच्या गड्यासारखं अजिबात नाही. अंगात तेवढी ताकद नाही, हनुमान उडी तर जमतच नाही. नसू दे! असे तिघं काढा, चढाया वाटून द्या, वर्गणी निघालीच तर मॅटवर आणि कोपरे शिकवणाऱ्या माणसावर घाला. माझं मत आहे, आणि ते ज्याला कबड्डी कळत नाही त्याचं आहे!

पण तुम्ही मला एकटं सोडू नका. औंढ्याकडं, हट्ट्याकडं, शिरडशहापूरकडं तिसऱ्या चढाईला न डगमगणारं पोर दिसलं, तर संध्याकाळी आमच्या मैदानावर घेऊन या. मी कडेलाच उभा असेन, गुण लिहीत!