खालचं पाणी, वरची जमीन

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, टाउपो सरोवराजवळ, वायराकेई आहे. इथलं भू-औष्णिक वीजकेंद्र १९५८ साली सुरू झालं. इटलीत लार्देरेल्लोला कोरड्या वाफेवर वीज त्याआधीच होत होती. वायराकेईच्या जमिनीखाली मात्र मुख्यतः तापलेलं पाणी होतं, आणि अशा पाण्यावर एवढं मोठं केंद्र जगात प्रथमच उभं राहिलं. उपसा सुरू झाला तशी जमीन बसू लागली. सर्वेक्षक त्याच त्या बेंचमार्कवर, म्हणजे उंचीच्या पक्क्या खुणेवर, मोजपट्टीचा स्टाफ उभा धरून पुन्हापुन्हा लेव्हलिंग करत राहिले. १९७०च्या दशकात सर्वांत खोल जागा वर्षाला जवळपास अर्धा मीटर खाली जात होती. आजवर ती सुमारे १५ मीटर खचली आहे.

आकडा मोठा आहेच, पण अधिक विचार करायला लावते ती खड्ड्याची जागा. ज्या विहिरींतून उपसा झाला त्यांच्या मधोमध तो नाही, बाजूला आहे. खोलवरच्या पाण्याचा दाब तर बऱ्याच मोठ्या भागात, सुमारे २५ बार उतरला होता. मग एवढी जमीन एकाच जागी का बसावी?

कार्ल टेरझागी या अभियंत्याने १९२०च्या दशकात मातीबद्दल मांडलेलं तत्त्व इथे कामी येतं. वरच्या थरांचं वजन खडकाचे कण आणि त्यांच्या मधल्या छिद्रांतलं पाणी मिळून पेलतात. पालखीच्या एका भोयाने खांदा काढला की दुसऱ्याला वाकावं लागतं. तसा पाण्याचा दाब उतरला की तेवढा भार कणांवर येतो. कण किती दबतील, हे मात्र खडकाच्या जातीवर अवलंबून. वायराकेईच्या वरच्या थरांत हुका फॉल्स फॉर्मेशन आहे: प्राचीन सरोवराच्या तळाशी साचलेला चिकणगाळ आणि ज्वालामुखीची राख. गरम पाण्याने तो जागोजागी आणखी मऊ केला आहे. खड्डा पडला तो जिथे हे थर सर्वाधिक दबणारे होते तिथे.

शिवाय अशा थरातून पाणी फार सावकाश निघतं. त्यामुळे खोलवरचा दाब स्थिरावला तरी वरची जमीन कित्येक वर्षं बसतच राहिली. आणि एकदा दबलेला गाळ, नंतर पाणी परत सोडलं तरी, पुरता फुगून वर येत नाही. पुनर्भरणाचा निर्णय लांबवण्याची खरी किंमत हीच.

कॅलिफोर्नियातल्या गीझर्स क्षेत्रात नेमकं उलट दिसतं. तिथे वाफेचा दाब मूळच्या निम्म्याहून खाली गेला, तरी जमीन वर्षाला फार तर पाचेक सेंटीमीटर बसली. कारण तिथला खडक ग्रेवॅके, कठीण आणि घट्ट. वाफ त्याच्या भेगांतून फिरते. भेगा थोड्या मिटतात, खडक फारसा दबत नाही.

द्रवाचा स्वभावही मोजावा लागतो. अडीचशे अंश सेल्सियसचं पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे नऊपट कमी चिकट असतं, म्हणजे त्याच खडकातून कितीतरी सहज वाहतं. दाब उतरला की त्याची वाफ होते, आणि वाफ वेगळ्या वाटा धरते. वायराकेईच्या गीझर व्हॅलीतले फवारे उपशानंतर बंद पडले; काही अंतरावरच्या क्रेटर्स ऑफ द मूनमध्ये मात्र वाफेचे झोत वाढले.

जमीन किती बसेल हे आधी सांगण्यातली सर्वांत मोठी अडचण प्रयोगशाळेच्या दारातच उभी असते. बोअर घेताना कठीण खडकाचा कोअर, म्हणजे दंडगोल नमुना, अखंड हाती येतो. मऊ थर चुरडतो, धुऊन जातो. नमुन्यांच्या पेटीत येतात ते बहुधा मजबूत तुकडे, आणि त्यांच्यावरच्या चाचण्या जमिनीला आहे त्यापेक्षा खंबीर ठरवतात. म्हणून पेटीतली रिकामी जागाही वाचता आली पाहिजे. ज्या खोलीचा कोअर आलाच नाही, बहुतेकदा तोच थर दबणार असतो.

इटलीत नेपल्सजवळच्या पोझ्झुओलीत जमीन खालीही जाते आणि वरही येते. तिथल्या रोमन बाजारपेठेतल्या तीन संगमरवरी खांबांवर, सुमारे साडेतीन मीटर उंचीपासून वर, समुद्री शिंपल्यांनी पोखरलेला पट्टा आहे. हे खांब समुद्रात बुडून पुन्हा वर आले, हे भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलने मांडलं आणि १८३०च्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी त्यांचं चित्र छापलं. १९८२ ते ८४ या काळात शहर सुमारे १.८ मीटर उचललं गेलं आणि जवळपास चाळीस हजार लोकांना घरं सोडावी लागली.

एवढं उचललं जाऊनही वरचा थर फुटला कसा नाही? पोझ्झुओलीतच वाढलेल्या, आणि त्या वेळी कुटुंबासह घर सोडावं लागलेल्या, टिझियाना वानोरिओ यांनी स्टॅनफर्डमध्ये याचा शोध घेतला. जुन्या भू-औष्णिक विहिरींचे कोअर तपासल्यावर २०१५मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्याने दाखवलं, की खोलवरून येणाऱ्या चुनायुक्त द्रवाने राखेत तंतुमय खनिजं तयार केली आहेत. रोमन लोक याच भागातली राख चुन्यात कालवून काँक्रीट करत, त्यातही असेच तंतू सापडतात. असा थर ताण सोसतो, वाफ अडवून धरतो.

२००५पासून जमीन पुन्हा १.३ मीटरहून अधिक वर आली आहे, आणि २०२५मध्ये ४.६ तीव्रतेचे धक्के बसले. दाब वाढवतंय कोण, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते मॅग्मा आणि त्याचे वायू; वानोरिओंचा गट मुरणाऱ्या पावसाकडे आणि कोंडलेल्या वाफेकडे बोट दाखवतो. गुरुत्वमापक इथे उपयोगी पडतो: जमीन तेवढीच उचलली गेली तरी मॅग्माने वस्तुमान अधिक वाढतं, वाफेने फारच कमी. पाणी वळवावं किंवा विहिरींतून काढून दाब उतरवावा, असं त्या गटाने २०२५मध्ये सुचवलं. सूचना धाडसी आहे आणि तिचा गंभीरपणे विचार व्हायला हवा. पण एकही विहीर सुरू करण्याआधी तिथले राखेचे थर दाब उतरल्यावर किती बसतील, हे मोजून घ्यावं लागेल. वर दाटीने घरं उभी आहेत.