टग हिलच्या बर्फात

न्यूयॉर्क म्हटलं की भारतातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे मॅनहॅटनच्या इमारती उभ्या राहतात. आम्ही सिराक्यूजवाले मात्र त्याच राज्यात राहून उंची मोजतो ती बर्फाची!

सिराक्यूजहून आय-८१ ने वॉटरटाउनकडे निघालं की पुलास्कीनंतर उजव्या हाताला टग हिलचं पठार लागतं. उंची जेमतेम दोन हजार फूट, म्हणजे आपल्या लोणावळ्याएवढी. आणि साम्य तेवढ्यावरच थांबत नाही. अरबी समुद्रावरचे ढग घाटाला अडून लोणावळ्यात कोसळतात, तसंच इथे लेक ऑन्टारिओचं. हे सरोवर खोल, त्यामुळे हिवाळ्यात सहसा पूर्ण गोठत नाही. गार पश्चिमवारा त्यावरून वाफ उचलतो, पठारावर चढतो आणि सगळी बर्फ करून टाकतो. दर हिवाळ्याला दोनशे इंचांच्या वर! फेब्रुवारी २००७ मध्ये रेडफील्ड गावात दहाएक दिवसांत १४१ इंच पडला, म्हणजे पावणेबारा फूट. शिवाय हे पट्टे अरुंद असतात. इकडे लख्ख ऊन, आणि पाच मैलांवर बॉनेटसुद्धा दिसत नाही.

गेल्या संक्रांतीला वॉटरटाउनच्या स्नेह्यांकडे हळदीकुंकू होतं. गाडी सुबारू आउटबॅक, मागच्या सीटवर आई आणि तिळगुळाचा डबा. "ऑल व्हील ड्राइव्ह आहे ना, मग कसली काळजी?" असं निघताना सगळेच म्हणाले. पुलास्कीपर्यंत ते खरंही वाटलं. रस्त्यावर तीन-चार इंच बर्फ होता, पण सिग्नलला इतरांची चाकं जागीच फिरत असताना आमची गाडी शहाण्या बैलासारखी पुढे निघत होती. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते, एक घसरलं तरी बाकीची ओढतात. गंमत इतकीच, की ही करामत फक्त निघताना आणि चढताना. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. थांबायची वेळ आली की आपण आणि साधी कोरोला सारखेच. तिथे कामाला येतो तो टायर. पंचेचाळीस फॅरनहाइटच्या खाली साध्या टायरचं रबर कडक होत जातं, विंटर टायरचं मऊ राहतं. म्हणून तेही चारही हवेत, दोन नव्हेत.

पुलास्कीला समोर पांढरी भिंत दिसली. आम्ही सरळ एक्झिट घेतला आणि मोटेल गाठलं. वॉटरटाउनला फोन केला, तर तिकडूनही हेच, "येऊ नका हो!"

खरा धडा सकाळी पार्किंगमध्ये मिळाला. रात्रीत गुडघाभर बर्फ साचला होता. शेजारचा दांडगा फोर बाय फोर पिकअप निघाला आणि दहा फुटांवर अडकला. चारही चाकं जोरात फिरत होती, पण गाडी हलेना. कारण गाडीचं पोट दाबलेल्या बर्फावर टेकलं होतं आणि चाकांवर वजनच राहिलं नव्हतं. आउटबॅकच्या पोटाखाली पावणेनऊ इंचांच्या आसपास जागा. त्याहून खोल बर्फात गाडी नांगर होते, पुढे बर्फ ढकलते आणि शेवटी त्यावरच बसते. चाकं जास्त फिरवली तर खड्डेच पडतात. चौघांनी फावड्यांनी पोटाखालचा बर्फ काढला, तेव्हा कुठे पिकअप सुटला. आम्ही नांगरवाला येऊन जाईपर्यंत चहा पीत बसलो. मोटेलात अडकलेल्या सगळ्यांना आईने तिळगूळ वाटला. गोड बोला म्हणायला इंग्रजी लागत नाही.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. डिसेंबर २०२२ च्या वादळात बफलो आणि परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली, त्यांतली काही आपल्या गाड्यांमध्येच. तेव्हा ट्रंकमध्ये फावडं, ब्लँकेटं, वाळूची पिशवी ठेवाच. अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका, आणि इंजिन सुरू करण्याआधी एक्झॉस्ट पाइपभोवतीचा बर्फ काढा. नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, आणि त्याला वास नसतो.

आमचं हळदीकुंकू पुढच्या शनिवारी झालं. आपल्या पूर्वजांनी त्याला रथसप्तमीपर्यंत मुदत देऊन ठेवली आहे. त्यांनी बर्फ पाहिला नसेल, पण रस्त्यांचा भरवसा नसतो हे त्यांना ठाऊक होतं!