बिनमालकीचा तरवड

शेळीही तोंड लावत नाही असं झुडूप, ही तरवडाची माझी पहिली ओळख. आजोळ नगरकडचं. तिथल्या मुरमाड माळावर जनावरं बाकी सगळं फस्त करत, तरवड तेवढा हिरवागार. पूर्वी त्याच्या सालीवर कातडी कमावत; क्रोमियमची रसायनं आली आणि साल सोलायचंही कुणाला कारण उरलं नाही. नवरात्रात मात्र आजी परडी घेऊन निघे. घटावर रोज एक माळ, ती तरवडाचीच.

वडील अमळनेरचे. तापी लाइनने कितीतरी खानदेश सुरतेत उतरला, त्यात आम्हीही. डिंडोलीत वडील लूमवर आणि आई तरवडाच्या शोधात! रुळांकडेच्या पडीक जागेत तो तिला सापडला. इकडचे लोक त्याला आवळ म्हणत. फुलं तोडायचं काम माझ्याकडे आलं. पिवळ्याधमक पाच पाकळ्या, मध नाहीच. काळा भुंगा फुलाला लटकून घुमे, त्या थरथरीने परागकोशांच्या टोकांच्या छिद्रांतून पराग उडत. तो हलेपर्यंत मी थांबत असे.

एका वर्षी घटस्थापनेला गेलो तर झुडपं ओरबाडलेली. मागच्या गल्लीतल्या तेलुगू बायकांचा बतुकम्मा सर्वपित्री अमावास्येलाच सुरू होतो, आमच्या आदल्या दिवशी. तरवड, कुर्डू, झेंडू यांचे ताटात थर रचून त्या त्याभोवती फेर धरतात. आई तडक त्यांच्याकडे गेली. भांडणार असं वाटलं होतं. ती ओंजळभर फुलं आणि खायला सकिनालू घेऊन परतली. पुढे ठरूनच गेलं : कळ्या त्यांनी राखायच्या, शेंगा दोघींनी.

तेलंगणाने पुढे याच फुलाला राज्यपुष्प केलं. आई म्हणाली, “बघ, आपल्या माळेतलं फूल सरकारी झालं.”

आता त्या पडीक जागेवर इमारती आहेत, आणि आमच्या घटावर झेंडू. रस्त्यांच्या दुभाजकांत कण्हेर आणि बोगनवेल लावतात, त्यांना टँकरने पाणी घालतात. तिथे तरवड लावावा. पाणी कमी मागेल, मोकाट जनावरं खाणार नाहीत. नवरात्रात बायका फुलं तोडतील, एवढाच त्रास. तोडू द्याव्यात. फक्त बतुकम्मावाल्यांनी थोड्या कळ्या ठेवाव्यात.